धागा : मोबाइलवर नोकरी शोधली, काय भेटलं?

कपाशीवाला, ता. दारव्हा

माझा भाचा आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियन. दोन वर्षं झाली, घरीच आहे. त्याच्या मोबाइलमध्ये नोकरीचे म्हणून चौदा ग्रुप. परवा त्याच्याजवळ बसून सहज मोजलं, तर एका दिवसात त्या चौदा ग्रुपांवर मिळून २०६ जाहिराती येऊन पडल्या होत्या. म्हटलं, अर्ज किती ठिकाणी केला? "मामा, निम्म्या तर जुन्याच असतात." अन् उरलेल्या निम्म्या? त्यावर पोरगं गप्प. तिकडून बहीण ओरडली, "दिवसभर त्याच्यात तोंड घालून बसते! मोबाइलातून काय नोकरी खाली पडते काय?"

मला तिचं सगळं पटत नाही, पण भाच्याची बाजूही घेता येईना. आपल्याकडची कितीतरी पोरं-पोरी याच मोबाइलवरून कामाला लागली, अन् कितीजणांच्या घरचे सोयाबीनचे पैसे याच रस्त्यानं गेले. म्हणून हा धागा. काहीजणांना मी स्वतः लिहायला सांगितलं आहे, बाकीच्यांनीही लिहा. "प्रोफाइल आकर्षक ठेवा" असलं ज्ञान नको. काय केलं, कोणाला काय लिहिलं, किती दिवस लागले, कुठं फसलात ते सांगा. फसवणाऱ्यांची नावं अन् फोन नंबर इथं टाकू नका, उगाच लचांड होईल.

रॉडवाला, भद्रावती

भाऊ, तुम्ही म्हटलं म्हणून पहिलं मीच लिहितो. दहावी अन् वेल्डरचा आयटीआय. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात काम नाही असं नाही. २९२० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, सिमेंटचे कारखाने आहेत, कोळशाच्या खाणी आहेत. पण काम ठेकेदाराच्या हातात. ठेकेदार पहिले विचारते, "कोणाचा रे तू?" आता आम्ही कोणाचेच नव्हतो.

फेसबुकवर वेल्डर-फिटरांचे मोठे ग्रुप आहेत. गुजरात, ओडिशा, यूपी, सगळीकडची माणसं. तिथं शटडाऊनच्या जाहिराती पडतात. कारखाना वर्षातून काही दिवस बंद ठेवून दुरुस्ती करतात ना, ते शटडाऊन. तेव्हा पन्नास-शंभर वेल्डर एकदम लागतात. मी खाली लिहायचो, "इंटरेस्टेड सर". माझ्या वरती तीनशे इंटरेस्टेड, खालती दोनशे. सहा महिने असंच चाललं. एक फोन आला नाही.

मंग गावातल्या गेट-ग्रिलच्या दुकानात पाइपाचे दोन तुकडे जोडले अन् पोराच्या हातात मोबाइल दिला. गाणं नाही, एडिट नाही. हातोडीनं वरची खपली (स्लॅग) उडवली, ब्रश मारला अन् बीड, म्हणजे जोडावरची वेल्डची रेघ, चारही बाजूनं फिरवून दाखवली. खाली पाइपाची जाडी, रॉड ७०१८, अँपिअर किती ठेवले ते लिहिलं. ग्रुपवर टाकलं. पहिली कॉमेंट ओडिशाच्या एका म्हाताऱ्या फोरमनची, हिंदीत. रॉड भट्टीत गरम केला होता का? म्हटलं, नाही. तो म्हणे, मग ही बीड दिसायला चांगली आहे, आतून भरवसा नाही. ७०१८ हवेतला ओलावा धरते, तसाच वापरला तर जोडात पुढं तडा जाऊ शकतो. मले लई राग आला. पाचशे लोकांसमोर पाणउतारा. पण खरं होतं. गेट-ग्रिलच्या दुकानात कुठली आली भट्टी!

दुसरा व्हिडिओ टाकला तेव्हा त्याच म्हाताऱ्यानं इनबॉक्समध्ये विचारलं, सिक्स-जी जमते का? त्याच्यात पाइप ४५ अंशात तिरपा बांधून ठेवतात, तो फिरवता येत नाही, वेल्डरनंच भोवती फिरायचं. जमत नव्हतं. भंगारातून पाइप आणून दोन महिने तेच केलं. घरचे म्हणत, खायला नाही अन् हा लोखंड जोडून राह्यला. पहिली टेस्ट फेल गेली, रूट पासमध्ये, म्हणजे जोडाच्या अगदी आतल्या पहिल्या थरात. दुसरी निघाली, अन् त्या म्हाताऱ्यामुळंच काम लागलं. त्याच्यानंतर आजवर मी कुठं "इंटरेस्टेड" लिहिलं नाही. म्हाताऱ्याची अन् माझी भेट अजून झालेली नाही. दिवाळीला फोन करतो.

कपाशीवाला

याच्यासाठीच धागा काढला. भाच्याला वाचून दाखवलं.

दर्यापूरची

माझं लिंक्डइनचं. मी अमरावतीहून इंजिनीअरिंग केलं, कॉम्प्युटर. कॅम्पसला दोन कंपन्या आल्या, दोन्हींत नाही झालं. घरी परतले. लिंक्डइनवर अकाउंट काढलं, नावाखाली लिहिलं "सीकिंग जॉब". फोटो दादाच्या लग्नातला, कापून. बाजूला मावशीचा खांदा दिसत होता अन् माझ्या केसांत गजरा. आता हसू येते.

चार महिने "अप्लाय, अप्लाय" दाबत राहिले. मग एकदा कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा भाग सापडला. तिथं आपल्या कॉलेजचे लोक कुठल्या शहरात, कुठल्या कंपनीत आहेत ते गाळून पाहता येतं. पुणे टाकलं तर ढीगभर नावं. त्यातली जी आपल्या शाखेची, पाच-सात वर्षं आधी पास झालेली, ती वेगळी काढली. फार मोठ्या पदावरच्यांना लिहिलं नाही, ते वाचतही नाहीत. फार नव्यांनाही नाही, त्यांची स्वतःची नोकरी पक्की नसते.

काय लिहायचं यात दोन दिवस गेले. पहिले इंग्रजीत लिहिलं, "रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ हार्डवर्किंग..." स्वतःलाच खोटं वाटलं. शेवटी मराठीत लिहिलं. "दादा, मी आपल्याच कॉलेजची, दर्यापूरची. नोकरी मागत नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम शिकते आहे, हे दोन छोटे प्रकल्प केले आहेत. तुमच्या कामात पहिल्या वर्षाच्या मुलीला काय यायला हवं एवढं सांगाल का?" ३१ जणांना पाठवलं. नऊ जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकीनं माझा बायोडेटा अक्षरशः फाडला. आईवडिलांचं नाव, जात, उंची, छंदात "वाचन, संगीत" हे सगळं काढायला लावलं अन् प्रकल्प वर घ्यायला सांगितले. (हा बायोडेटा स्थळासाठी की नोकरीसाठी, असं तिनं विचारलं होतं.) तिच्याच कंपनीत दोन महिन्यांनी जागा निघाली, तिनं माझं नाव आत दिलं.

मुलाखत ऑनलाइन. दुपारी तीनची वेळ अन् अडीचला लाइन गेली. घरात रेंज नाहीच, स्लॅबवर एका कोपऱ्यात दोन काड्या येतात. मे महिना. डोक्यावर ओढणी, पायाखाली तापलेली गच्ची. आई बाजूला छत्री धरून उभी, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. मधे कुल्फीवाला भोंगा वाजवत गेला. समोरच्या मॅडमनी विचारलं, तुम्ही कुठून बोलता आहात? खरं सांगितलं. हसल्या अन् म्हणाल्या, घाई नाही, सावलीत जा. झाली निवड.

एक सांगायचं राहिलं. "ओपन टू वर्क"ची हिरवी चौकट मी लावली नव्हती. ते फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असंही ठेवता येतं. गावात उगाच "अजून नाही लागली का हो पोरगी" ऐकायचं नव्हतं, बाकी काही कारण नाही.

मेहकरचा

मी हरलेला आहे, तरी लिहितो.

व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. घरबसल्या काम, व्हिडिओ लाइक करायचे, एका लाइकचे ५० रुपये. तीन लाइक केले, दीडशे खरंच खात्यात आले. तिथंच माणूस संपते. मग टेलिग्रामच्या ग्रुपवर घेतलं. तिथं दिवसभर लोक कमाईचे फोटो टाकत, "थँक यू मॅडम". ते सगळे त्यांचेच होते हे मागाहून समजलं. हजार भरले, तेराशे आले. पाच हजार भरले तर स्क्रीनवर साडेसहा दिसले, पण काढता येईनात. आणखी भरा, तरच सुटतील. असं करत ४६ हजार गेले. बाबांनी सोयाबीन विकून खतासाठी ठेवलेले.

लाजेनं तीन दिवस कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. त्यांनी पहिलं हेच विचारलं, पैसे कधी गेले? तोवर ते एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात निघून गेले होते. लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. सायबर पोर्टलवर तक्रार आहे, पैसे नाहीत.

अन् हे पोरांना नक्की सांगा. माझ्या एका मित्रानं पाच हजार रुपये घेऊन आपलं पासबुक, एटीएम अन् सिमकार्ड "कंपनीच्या व्यवहारासाठी" कोणाला तरी दिलं होतं. असेच कोणाचे तरी ४६ हजार त्याच्या खात्यातून फिरले. दुसऱ्या राज्याच्या पोलिसांचा फोन आला तेव्हा त्याला कळलं. खातं गोठलं, वर बापाला वकील करावा लागला. त्यानं याला नोकरीच समजलं होतं हो.

डाळमिलवाला, अकोला

मी दुसऱ्या बाजूचा. माझ्याकडं चाळीस माणसं कामाला आहेत, जागा निघाली की व्हॉट्सॲप स्टेटस अन् गावातल्या दोन-तीन ग्रुपांवर टाकतो. मागच्या वेळी लिहिलं, "अकाउंटंट पाहिजे, टॅली येणारा." संध्याकाळपर्यंत साठ मेसेज. काय असतील सांगा? "हाय". "सर जॉब". "लोकेशन". "पेमेंट". एकानं तर नुसता अंगठा पाठवला.

बायोडेटा मागितला तर कागदाचा फोटो येतो. त्यावर पंख्याची सावली, बाजूला चहाचा कप. पीडीएफ करायला तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडं दहा-वीस रुपये लागतात. मोबाइलवर तर फुकट होते.

एका मुलानं लिहिलं होतं, "काका, मी अमुक गावचा. बी.कॉम. आहे. टॅलीत खरेदी-विक्री अन् जीएसटीच्या एंट्र्या करता येतात. सध्या एका कृषी सेवा केंद्रात हिशोब पाहतो, मालकांना माझ्याबद्दल विचारू शकता." चार ओळी. त्याला बोलावलं, ठेवलं. त्याच्यापेक्षा हुशार पोरं त्या साठांत असतील, पण मला कसं कळावं?

होय, फेसबुकही पाहतो. पक्ष-बिक्ष नाही पाहत, ते ज्याचं त्याच्यापाशी. मी पाहतो की आधीच्या मालकाला शिव्या घातल्या आहेत का, अन् तलवारीनं केक कापतानाचा फोटो आहे का. हसू नका. तिजोरीच्या खोलीत बसवायचं असते त्याला.

दर्यापूरची

काका, बाकी पटलं. पण जाहिरातीत पगारही लिहा ना! म्हणजे "पेमेंट" विचारणारे तीस मेसेज कमी होतील.

डाळमिलवाला, अकोला

बरोबर आहे बाई. लिहीन.

वडसा लाइन

पोलीस भरतीवाली. आमच्या देसाईगंजच्या अभ्यासिकेत प्रत्येकीच्या मोबाइलात भरतीची वीस-वीस टेलिग्राम चॅनेल. त्यांना धंदा चालवायचा असतो, म्हणून रोज "ब्रेकिंग". तलाठ्यांची २०२३ ची ४६४४ जागांची जाहिरात कितीतरी दिवसांनी पुन्हा "आजच आली" म्हणून फिरली अन् आमच्यातल्या एकीनं एका क्यूआर कोडवर "फॉर्म फी" भरूनही टाकली. खरी फी तेव्हा खुल्या वर्गाला हजार अन् राखीवला नऊशे होती अन् ती सरकारी साइटवरच भरायची होती. तेव्हापासून आमचा नियम आहे. जाहिरात कुठंही दिसो, खात्याच्या साइटवरची मूळ पीडीएफ उघडून तारीख पाहिल्याशिवाय कोणी कोणाला पाठवायची नाही.

सगळी चॅनेल बंद केली. आम्ही चौघींचा एकच ग्रुप ठेवला, त्यात रोज सकाळी फक्त ८०० मीटरची वेळ टाकायची. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० या धावण्याला. चौघींत कोणाचे दोन सेकंद कमी झाले की बाकीच्या तिघी दुसऱ्या दिवशी अंथरुणात राहूच शकत नाहीत. गोळाफेकीचे व्हिडिओ एकमेकींचे काढले अन् स्लो करून पाहिले, कोपर कुठं खाली येते ते. प्रशिक्षक परवडत नव्हता. दोघी लागल्या. मी अजून नाही.

बुटीबोरी गेट

मी सरळ विरोधात लिहितो. माझं तरी मोबाइलनं काही झालं नाही. बी.ए. झाल्यावर दीड वर्ष ॲपांवर अर्ज केले. फोन यायचे ते विमा विकायचेच. मग मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका सरकारी कार्यालयात लागलो, पदवीला महिना दहा हजार, पण त्याला मुदत असते. ती संपली अन् पुन्हा घरी. शेवटी बुटीबोरीच्या एमआयडीसीत गेटोगेट फिरलो. सकाळी सात वाजता शिफ्ट बदलते, तेव्हा बाहेर निघणाऱ्यांना विचारायचं, आत माणूस लागते का. अकराव्या दिवशी लागलो.

मोबाइल कामी पडला तो खोली शोधायला. विदर्भातून पुण्याला गेलेल्यांचे ग्रुप असतात तसे नागपूरचेही आहेत. तिथं "दोघे आहेत, तिसरा पाहिजे, डबा आहे" असं येते. ते खरं असते, कारण भाडं वाटून घ्यायला त्यांनाही माणूस लागतोच.

उमरखेड

थोडक्यात. लहान भावाला फेसबुकवर आखातातल्या ड्रायव्हरच्या नोकरीची जाहिरात दिसली. एजंट दीड लाख मागत होता. भाऊ नववी नापास, म्हणजे पासपोर्ट ईसीआरचा, आखातात कामाला जायला सरकारची वेगळी मंजुरी लागते. दहावी झालेल्यांना ती अट नसते. मी सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदणीकृत एजंटांच्या यादीत या एजंटाचं नाव पाहिलं. नव्हतं. अन् नोंदणीकृत एजंटालाही ३० हजार अन् वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. एवढं त्याला लिहिलं तर त्यानं मलाच ब्लॉक केलं. भाऊ आता नांदेडला टेम्पो चालवतो. बरा आहे.

वरूडचे सर

सगळं वाचतो आहे. रॉडवाल्यांना ओडिशाच्या फोरमनमुळे काम मिळालं, दर्यापूरच्या मुलीला कधी न भेटलेल्या सीनियरमुळे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्येच हे मांडलं होतं. नोकरीची बातमी जिगरी दोस्ताकडून कमी अन् लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जिगरी दोस्ताला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून जास्त लोकांचा अभ्यास 'सायन्स'मध्ये छापून आला. त्यात असं निघालं की अगदीच अनोळखीही नको अन् अगदी घरचाही नको, मधली बेताची ओळख नोकरीला सर्वांत उपयोगी पडते.

म्हणून भाच्याच्या चौदा ग्रुपांत नेमकं कोण आहे ते पाहा. त्याच्यासारखेच चौदा गावचे रिकामे पोट्टे असतील तर २०६ काय अन् २००० काय.

रॉडवाला, भद्रावती

सर, याच्यासाठी अमेरिकेला कायले जायचं? सोयरिकीचं तसंच नाही काय! सख्खा काका कधी स्थळ आणत नाही. आणते तो आत्याच्या दिराचा साडू.

वरूडचे सर

हे मी वर्गात सांगणार.

दर्यापूरची

फक्त त्या साडूला मधून मधून रामराम करत राहावं लागते. मला आता दर आठवड्याला मेसेज येतात, "ताई रेफर कर". कोण, कुठला, काय शिकला, काही नाही. जे प्रकल्प दाखवतात त्यांना मी वेळ देते. बाकीच्यांना उत्तर द्यायचं राहून जाते, अन् मग वाईटही वाटते, कारण मीही गच्चीवर उभी होते.

मेहकरचा

ताई, मी टेस्टिंग शिकतो आहे. मेसेज करू का? प्रकल्प एकच आहे, अर्धवट.

दर्यापूरची

कर. अर्धवटच पाठव, कुठं अडला ते लिहून.

कपाशीवाला

पंधरा दिवसांनी लिहितो आहे, मधात फवारणी चालू होती.

भाच्याला म्हटलं, तुला काय येते ते दाखव. तो म्हणे, मले कुठं काय येते. अरे, मागच्या उन्हाळ्यात आपल्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर जळाली तेव्हा वाइंडिंग कोणी भरलं? तीन दिवस ओट्यावर बसून तांब्याची तार मोजत होता, आईच्या शिव्या खात. गावातली आणखी चार मोटरी त्यानंच भरल्या, पैसे कोणाकडून घेतले नाहीत. ते काम त्याच्या हिशोबात कामच नव्हतं.

शेजाऱ्याची जळालेली मोटर मागून आणली. स्टेटर उघडण्यापासून तपासून चालू करण्यापर्यंत दोन मिनिटांचा व्हिडिओ केला. पहिला फसला, मागं बैल हंबरत होता अन् भाचा त्याच्याकडं पाहून हसला. दुसरा टाकला. मोटर-पंपवाल्यांच्या एका फेसबुक ग्रुपवर, अन् माझ्या ओळखीच्या कृषी सेवा केंद्रवाल्याला व्हॉट्सॲपवर. त्यानं तो कोणाला पाठवला, त्यानं पुढं कोणाला, ते माहीत नाही. हिंगणघाटच्या एका रिवाइंडिंगवाल्याचा फोन आला. नोकरी देतो म्हणाला नाही. "स्लॉट इन्सुलेशन कोणतं वापरतो?" असं विचारलं, अन् सोमवारी येऊन एक मोटर भरून दाखव म्हणाला.

चौदापैकी बारा ग्रुप भाच्यानं सोडले. उरलेल्या दोनांपैकी एक क्रिकेटचा आहे, त्याबद्दल मी काही बोललो नाही.

आज तो तालुक्याला बायोडेटा छापायला गेला आहे. सोमवारची पहिली एसटी सव्वासहाला आहे. बहीण विचारून राहिली आहे की त्या हिंगणघाटवाल्यानं जेवणाचं काही सांगितलं का, की डबा द्यायचा.